पाचारण आणि दिनक्रम

आपल्या जीवनाचे ध्येय कोणते, असे ख्रिस्ती सेवकाला विचारले असता तो बहुधा अडखळत नाही. सेवेत पाऊल टाकताना त्याने ते मंडळीसमोर उच्चारलेले असते. परंतु काल सकाळपासून रात्रीपर्यंत आपण काय केले आणि त्यातील किती गोष्टी त्या ध्येयाकडे नेणाऱ्या होत्या, असे विचारले म्हणजे मात्र उत्तर देणे जड जाते. या दोन प्रश्नांमध्ये जे अंतर पडते त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

समजा, हुबळीच्या देशपांडे नगरात एक मराठी भाषिक प्रचारक राहतो. दृढीकरणासाठी येणाऱ्या मुलांचा पाठ आज तयार करावयाचा, असा निश्चय करून तो उठतो. तेवढ्यात शाळाप्रवेशासाठी शिफारसपत्र मागावयास एक पालक येतात. पत्र लिहून होते न होते तोच मंदिराच्या गळक्या छपराविषयी पंचांची बैठक भरते. दुपारी कोणा आजाऱ्याला भेटावयाचे असते, सायंकाळी एका घरी साखरपुडा असतो, आणि मधल्या वेळेत दूरध्वनी वाजतच राहतो. रात्री पाठाची वही कोरीच असते. यांपैकी एकही काम वाईट नव्हते. त्याचा दिवस पापाने हिरावून घेतला नाही, सत्कर्मांनीच हिरावून घेतला. असे दिवस साठत गेले म्हणजे त्यांची वर्षे होतात, आणि मुले पाठावाचूनच मोठी होतात. सेवकाची खरी परीक्षा पुष्कळदा चांगले आणि वाईट यांच्यामध्ये नसून, चांगले आणि आपल्यावर सोपविलेले यांच्यामध्ये असते.

ध्येय कोठून येते?

हल्ली ध्येय ठरविण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. आपणांस काय व्हावयाचे आहे ते ठरवावे आणि त्यानुसार दिवस आखावा, असे त्याचे सार असते. या उपदेशात शहाणपण नाही असे नव्हे. परंतु ख्रिस्ती विचाराचा आरंभ याच्या आधी होतो. आपले ध्येय आपण घडवीत नाही. ते आपणांस मिळते. म्हणूनच आपल्या भाषेत त्याला ‘पाचारण’ हा शब्द आहे. पाचारण म्हटले की बोलावणारा कोणी आहे हे ओघानेच आले, आणि बोलावणाऱ्याचा शब्द ऐकण्यासाठी दिवसात जागा ठेवणे हा पहिला निर्णय ठरतो.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात (१:३५-३८) हा क्रम स्पष्ट दिसतो. कफर्णहूमात आदल्या सायंकाळी पुष्कळ रोगी बरे झालेले आहेत. प्रभू येशू पहाटेच्या अंधारात एकांती प्रार्थनेस जातो. शिष्य त्याला शोधीत येतात आणि सर्व लोक त्याची वाट पाहत असल्याचे सांगतात. ते खरेही होते. तेथे दुःखितांची उणीव नव्हती. तरी तो आसपासच्या गावांकडे निघतो, कारण उपदेशासाठीच तो आलेला होता. कफर्णहूमची गरज खोटी नव्हती. पण गरज आणि पाचारण या दोन गोष्टी एकच नव्हेत. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ यात प्रेषितांपुढे हाच पेच आला तेव्हा विधवांच्या अन्नवाटपाचे काम त्यांनी हलके मानले नाही, टाकलेही नाही; त्यासाठी सात जण नेमले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत याचे ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. सह्याद्रीतील गंगामूळ या आजच्या कर्नाटकातील अरण्यस्थानी १८५८ साली त्यांचा जन्म झाला. आईवडिलांकडून त्यांनी संस्कृत विद्या संपादिली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. उच्च जातींतील विधवांना शिक्षण द्यावे व स्वावलंबी करावे, ही त्या संस्थेची आखणी होती. पुढे ते सदन पुण्यास आले.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आखणीस धरून राहावयाचे तर तिकडे जाण्याचे कारण नव्हते. तेथील मुली साऱ्याच उच्च जातींच्या नव्हत्या, साऱ्या विधवाही नव्हत्या. रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे जणींना घेऊन परतल्या. केडगावच्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले, आणि काही वर्षांतच तेथील आश्रितांची संख्या हजारावर गेली. येथे त्यांनी ध्येय सोडले काय? नाही, बदलली ती आखणी. निराधार स्त्रीला आधार देणे हे ध्येय होते, आणि शारदा सदन हे त्याचे एक रूप होते. आलेला व्यत्यय ज्यांच्यासाठी आपले ध्येय आहे त्यांच्याच जवळ नेत असेल, तर तो व्यत्यय नसून पाचारणाचाच पुढचा शब्द असू शकतो. शोमरोनी मनुष्याचा दाखला (लूक १०) येथे स्मरावा. ध्येयाचे नाव सांगून जखमी मनुष्याला वळसा घालणे याला निष्ठा म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून अधिक विचार करण्याजोगी आहे. उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले, आणि दीड दशकाहून अधिक काळ ते चालविले. ज्या स्त्रियांना शाळेचे दार कधी दिसले नव्हते त्यांनाही ते समजावे, हा हेतू होता. त्यामुळे ओळीओळीला निवड करावी लागे. संस्कृत शब्द त्यांना सहज सुचणारा होता, त्यांच्या पदव्यांना शोभणारा होता. तो बाजूला ठेवून त्या साधा मराठी शब्द घेत. जी विद्या आपले भूषण होती तिलाच आवर घालण्याची ही निवड होती. तिला कोणी साक्षी नव्हते, आणि ती एकदा करून संपणारीही नव्हती. रोज सकाळी लेखणी उचलताच ती पुन्हा करावी लागत असे. आश्रमाचा प्रपंच आणि पत्रव्यवहार यांमधूनच हा वेळ त्यांनी काढला. १९२१ साली त्यांची एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला तेव्हा भाषांतर पूर्ण झालेले होते. १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

येथे एक शंका येईल. मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटीचेच भाषांतर प्रचलित राहिले. रमाबाईंचे बायबल फारसे रुळले नाही. मग इतक्या वर्षांचे श्रम वाया गेले काय? ध्येयाचे माप यशाने घ्यावयाचे ठरविले तर होकार द्यावा लागेल. परंतु कारभाऱ्याजवळ मागितला जातो तो विश्वासूपणा (१ करिंथ. ४:२). शिवाय ध्येय आपल्याच हातून तडीस जाईल असेही नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. १९१९ साली ते निवर्तले तेव्हा त्याचे थोडेच अध्याय झाले होते. उरलेल्या भागाचा बहुतेक भार लक्ष्मीबाईंनी उचलला, आणि त्यांच्याही पश्चात, १९३८ साली, तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकाने पेरावे आणि दुसऱ्याने कापावे, हा देवाच्या शेतातील रिवाजच आहे.

नित्याचा अभ्यास

हे सर्व आपल्या दिनक्रमात कसे उतरावे? इग्नाशियस लोयोला (१४९१-१५५६) याने दिवसातून दोनदा, मध्यान्ही व रात्री, आत्मपरीक्षणाची रीत घालून दिली. ती कोणत्याही मंडळीच्या सेवकास उपयुक्त आहे. रात्री निजण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. आज मी कोणाच्या बोलावण्यावरून चाललो: प्रभूच्या, की लोक मला चांगले म्हणावेत या इच्छेच्या? माझ्यावाचून होणार नाही असे कोणते काम मी मागे टाकले, आणि दुसऱ्यावर सोपविता येण्याजोगे कोणते काम स्वतःकडे ठेवले? आज जो व्यत्यय आला त्याने मला माझ्या लोकांच्या जवळ नेले, की केवळ गुंतवून ठेवले? उत्तरे लिहून ठेवावीत. एका महिन्यात त्यांतून आपल्या सवयी दिसू लागतात. नंतर दिवसाचा निदान एक तास पाचारणाच्या मुख्य कामासाठी राखावा, आणि तो राखला आहे हे मंडळीच्या पंचांना उघडपणे सांगावे. लोकांना ते प्रथम रुचणार नाही. कफर्णहूमलाही रुचले नसावे.

देशपांडे नगरातील आपल्या प्रचारकाने शिफारसपत्र लिहावेच, आजाऱ्याला भेटावेच. परंतु छपराची बैठक त्याच्यावाचून भरू शकते, आणि तो तास मुलांच्या पाठाचा आहे. तेथे जी भाषा मुलांना कळते, मग ती मराठी असो वा कन्नड, तिच्यातील एक सोपा शब्द शोधण्यात अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असे त्याने मानू नये. ज्या सेवेसाठी त्याला बोलावणे आले, ती त्या अर्ध्या तासात चाललेलीच असते.