वाढलेले वंगण

ठाण्यातील बाळकुम हे खाडीकाठचे गाव. अशा गावी होडीचे लहान डिझेल एंजिन भर पाण्यात अडकून पडले, तर केवढा प्रसंग ओढवेल! म्हणून जाणता नाखवा निघण्यापूर्वी वंगणाची सळई काढून पाहतो.

वंगण वापराने कमी व्हावयाचे. ते न घालताच वाढलेले दिसले, तर तो लाभ नव्हे, इशारा होय. वंगण दुधाळ झाले असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. पण ते पातळ झाले असेल आणि त्यास डिझेलचा वास येत असेल, तर डिझेलच झिरपत आहे, असे समजावे.

ते येते कोठून? फवारा उडविण्याऐवजी इंजेक्टर थेंब गाळू लागला, की न जळलेले डिझेल दट्ट्याच्या कडेने खाली उतरते. कधी इंधनपंपच आतून गळतो. पातळ वंगणाचा थर टिकत नाही. मग धातूवर धातू घासून बेअरिंगे झिजतात.

अशा वेळी एंजिन चालवू नये. आधी गळती बंद करावी, मगच वंगण बदलावे. नुसते वंगण बदलणे म्हणजे गळक्या छपराखालचे भांडे रिकामे करीत बसणे होय.