अपघात-भरपाईच्या दाव्यात कोणी उभे राहावे?

बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतून आणि सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातून फौंड्रीच्या कामावर जाणारी कितीतरी मुले आपल्या शाळेच्या बाकांवर बसून गेलेली आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका माजी विद्यार्थ्याची पत्नी शाळेच्या कचेरीत आली. नवरा कामावर असताना भाजला आणि चार दिवसांनी गेला. तिच्या हातात दोन कागद होते. एक छापील वकीलपत्र, त्यात वकिलाच्या नावाची जागा मोकळी. दुसरा कागद संपूर्ण कोरा, तळाशी पेन्सिलीने फुली मारलेली. ओळखीतल्या कोणा गृहस्थाने ते दिले होते आणि भरपाई हाती आली की तिसरा हिस्सा आपला, असे तोंडी ठरवूनही टाकले होते. “सर, सही करू काय नको?” एवढेच तिने विचारले. “नको,” असे मी म्हणालो खरा. पण मग कोणाकडे जायचे, तिच्या वतीने कोण बोलणार, हे मला सांगता आले नाही. इंग्रजीचे व्याकरण तीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला कायद्याचे एक साधे कलम ठाऊक नव्हते. ते पुढे शोधून वाचले. गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने निघणाऱ्या या पुस्तिकेत ते मांडण्याची संधी मिळाली, म्हणून हा लेख.

कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, असे सांगणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या नावातील ‘वर्कमन’ हा शब्द जाऊन ‘एम्प्लॉयी’ हा शब्द आला. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली असून संहितेचे सातवे प्रकरण याच विषयाला वाहिलेले आहे. जुन्या कायद्यातील आयुक्तास तेथे ‘सक्षम प्राधिकारी’ म्हटले आहे. ज्यांचे अपघात त्या तारखेपूर्वीचे, त्यांचा हक्क जुन्या कायद्याखाली निर्माण झालेला असल्याने त्यांचे दावे त्याच चौकटीत पाहावे लागतात. प्रतिनिधित्वाची व्यवस्था दोन्हींकडे मूलतः एकच आहे. तेव्हा सोयीसाठी मी ‘आयुक्त’ हाच शब्द वापरतो आणि कलमांचे आकडे १९२३ च्या कायद्याचे देतो.

मूळ तरतूद कलम २४ मध्ये आहे. आयुक्तापुढे हजर राहणे, अर्ज करणे किंवा अन्य कोणतीही कृती करणे, हे पक्षकाराच्या वतीने दुसऱ्या कोणी केले तरी चालते. असा माणूस वकील असू शकतो, विमा कंपनीचा अधिकारी असू शकतो, नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी असू शकतो, कारखाना कायद्याखालचा किंवा खाण कायद्याखालचा निरीक्षक असू शकतो, अथवा राज्य सरकारने या कामासाठी नेमून दिलेला अन्य अधिकारी असू शकतो. या सर्वांना पक्षकाराचे लेखी अधिकारपत्र मात्र हवे. यांखेरीज, आयुक्ताने परवानगी दिल्यास, असेच लेखी अधिकारपत्र असलेली ‘अन्य कोणतीही व्यक्ती’ही पक्षकाराची बाजू मांडू शकते. त्या दिवशी कचेरीत मला जे उत्तर हवे होते ते या शेवटच्या शब्दांत होते. तिच्या वतीने मीही उभा राहू शकलो असतो.

हे कलम किती उदार आहे, हे शेजारच्या कायद्याकडे पाहिले म्हणजे कळते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वकिलाला दारातच अडवलेले होते. समेटाच्या कामकाजात त्याला मज्जाव, आणि कामगार न्यायालयात किंवा न्यायाधिकरणापुढे यायचे तर प्रतिपक्षाची संमती व न्यायाधिकरणाची अनुमती दोन्ही आवश्यक. पारादीप पोर्ट ट्रस्टच्या खटल्यात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही संमतीची अट अनिवार्य ठरवली. मात्र मालकांच्या किंवा कामगारांच्या संघटनेचा पदाधिकारी स्वतः वकील असेल तर त्या पदाच्या नात्याने त्याला येता येईल, असेही सांगितले. वाटाघाटीचा विषय कज्जेदलालीत बुडू नये, हा तेथील हेतू. भरपाईच्या दाव्याची गोष्ट निराळी. तेथे वाटाघाट नसून एका घराचा एकट्याचा हक्क असतो, आणि समोर बहुधा मालक आणि त्याची विमा कंपनी असे दोघे उभे असतात. म्हणून येथे कोणालाच अडवलेले नाही. माझ्या मते हे योग्यच झाले. परंतु उघडे दार कोणालाही उघडे असते, आणि कोरा कागद घेऊन फिरणारे गृहस्थही त्यातूनच आत येतात.

विमा कंपनीच्या अधिकाऱ्याचे नाव या यादीत पाहून पुष्कळांना नवल वाटते. तो साहजिकच मालकाच्या बाजूने येतो. पण मालकानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही, तर आयुक्त दरसाल १२ टक्के व्याज लावतो, आणि विलंबाला समर्थनीय कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावू शकतो. वाहनाच्या विम्याच्या एका प्रकरणात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, व्याजाचा भार विमा कंपनीवर पडेल, पण दंडाचा भार मालकाने स्वतः सोसावा. म्हणजे दावा लांबला तर जो दंड बसेल तो मालकाच्या खिशातून जाणार, आणि त्याची बाजू लढवणाऱ्याला त्याची झळ नाही. अधिकारपत्र देताना प्रतिनिधीचे हित आपल्याच हिताशी जुळते काय, हा प्रश्न मालकानेही विचारण्याजोगा आहे.

संघटनेचा पदाधिकारी हा कामगाराचा सर्वांत स्वाभाविक प्रतिनिधी. कायदा झाला तेव्हा ‘नोंदणीकृत’ संघटना असा प्रकारच नव्हता, कारण संघटनांच्या नोंदणीचा कायदा १९२६ चा. ती वाट मोकळी करून देण्यात ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत ना. म. जोशी हे नाव मराठी माणसाने विसरू नये. १९२० साली स्थापन झालेल्या आयटकच्या संस्थापकांत ते होते, मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते आणि १९२९ च्या रॉयल कमिशनचे सदस्यही होते. पण आज लहान फौंड्रीत दहाबारा माणसे ठेकेदाराकडून येतात, तेथे संघटना कोठून असणार? म्हणून निरीक्षकाचे नाव या यादीत आहे, हे मला फार मोलाचे वाटते. व्यवहारात निरीक्षकाला असे अधिकारपत्र देता येते हे कामगाराला ठाऊक नसते आणि निरीक्षकही ते होऊन सांगत नाही. तरी मागण्यास हरकत काहीच नाही. ठेकेदाराच्या माणसाने आणखी एक जाणून असावे. धंद्याचे नेहमीचे काम ठेक्याने दिलेले असले तरी मूळ कारखानदाराकडे भरपाई मागता येते. ठेकेदार परागंदा झाला म्हणून दावा बुडत नाही.

अधिकारपत्राने काय होते, यापेक्षा काय होत नाही हे समजून घेणे अधिक अगत्याचे आहे. प्रतिनिधी अर्ज लिहील, तारखा सांभाळेल, युक्तिवाद करील. पण साक्ष तो देऊ शकत नाही. साक्षीसाठी पक्षकाराने स्वतःच हजर राहिले पाहिजे, हा अपवाद कलमातच आहे. आणि दुसरे म्हणजे, पैसा त्याच्या हातात पडत नाही. मृत्यूच्या प्रकरणी भरपाई आयुक्ताकडेच जमा करावी लागते. वारसांना परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. मालकाने तीन महिन्यांच्या वेतनापर्यंत उचल दिली असेल तर तेवढी वळती होते. कोणाला किती, हे आयुक्त ठरवतो आणि स्त्रीचा किंवा अज्ञान मुलाचा वाटा त्यांच्या हितासाठी गुंतवून ठेवण्याचा अधिकारही त्याला आहे. भरपाईची रक्कम दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, तिच्यावर जप्ती येत नाही. तेव्हा ‘तिसरा हिस्सा माझा’ या तोंडी कराराला कायद्यात काडीचाही आधार नाही. वकिलांना तर बार कौन्सिलच्या नियमांनीच निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास वा मिळकतीत वाटा घेण्यास मनाई केलेली आहे.

ही रक्कम केवढी असते? समजा, २०२२ साली तीस वर्षांचा एक कामगार अपघातात मृत्यू पावला आणि त्याचे वेतन दरमहा १५,००० रुपये किंवा त्याहून अधिक होते. जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी १५,००० हीच कमाल मर्यादा होती. तिच्या निम्म्याला, म्हणजे ७,५०० ला, त्या वयासाठी परिशिष्टात दिलेल्या २०७.९८ या गुणकाने गुणले की १५,५९,८५० रुपये होतात. यातील तिसरा हिस्सा म्हणजे पाच लाखांवर रक्कम. एका सहीची ही किंमत.

आपसांत तडजोड झाली तरी तिची नोंद आयुक्ताकडे व्हावी लागते. रक्कम अपुरी आहे, किंवा फसवणुकीने अथवा दडपणाने मिळवलेली संमती आहे, असे दिसले तर तो नोंदणी नाकारू शकतो. भरपाईचा हक्कच सोडून देणारा करार तर मुळातच रद्दबातल असतो.

आता आपल्या भागाचा खास प्रश्न. चंदगडचा माणूस बेळगावात कामावर गेला तर घर महाराष्ट्रात आणि अपघात कर्नाटकात. पूर्वी दावा अपघात झाला त्याच ठिकाणच्या आयुक्तापुढे करावा लागे, आणि प्रतिनिधीही तिथलाच शोधावा लागे. १९९५ च्या दुरुस्तीने हे बदलले. अपघाताचे ठिकाण, दावेदार राहतो ते ठिकाण, किंवा मालकाचे नोंदलेले कार्यालय जेथे असेल ते ठिकाण, यांपैकी कोठेही अर्ज करता येऊ लागला, आणि ही मुभा दावेदाराच्या सोयीसाठी आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले. मुंबईत, पुण्यात वा गोव्यात मुलगा गमावलेल्या आईला खानापूरहून दर तारखेला तिकडे धावण्याचे कारण उरले नाही. ज्या संघटनेला, ज्या शिक्षकाला ती ओळखते, त्यालाच ती अधिकारपत्र देऊ शकते.

भाषेची अडचण मात्र राहतेच. २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर असे बंधन घातले की, कामावर घेतानाच कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्काची माहिती लेखी द्यावी. ती इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत, कामगाराला समजेल अशी. बेळगावात राजभाषा कन्नड. ज्याला मराठीच नीट वाचता येते, त्याच्या हातात हा कागद पडला तरी तो वाचून सांगणारा कोणी लागतोच.

मुदतीविषयी दोन शब्द. अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर द्यावी आणि दावा दोन वर्षांच्या आत करावा; पुरेसे कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. मृत्यूच्या प्रकरणी आणखी एक सोय आहे. अशा अपघाताची खबर आयुक्ताला ‘कोणत्याही मार्गाने’ मिळाली तरी तो मालकाला रजिस्टर पत्राने नोटीस पाठवून तीस दिवसांत निवेदन मागवू शकतो. म्हणजे खबर देणाऱ्याला अधिकारपत्रही नको. शेजाऱ्याचे एक पत्र पुरते. अर्जदार निरक्षर असेल तर, त्याची इच्छा असल्यास, अर्ज आयुक्ताच्या देखरेखीखाली तयार करून घेतला जातो. आणि वकीलच हवा असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तो विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच हे कार्यालय असते.

कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असेल तर त्याची वाट वेगळी. त्याला मालकाकडून नव्हे, विमा महामंडळाकडून लाभ मिळतात. तो तंटा विमा न्यायालयात जातो. तेथेही वकील, संघटनेचा पदाधिकारी किंवा न्यायालयाच्या परवानगीने अन्य व्यक्ती बाजू मांडू शकते. म्हणून पगारातून ईएसआयची कपात होत होती काय, हे पगाराच्या चिठ्ठीवर आधी पाहावे.

अधिकारपत्राचा मजकूर लांबलचक असण्याची गरज नाही. पक्षकाराचे नाव, मृताशी नाते, मालकाचे नाव, अपघाताची तारीख, कोणाला आणि कोणत्या कामासाठी अधिकार दिला, एवढे असावे. कोरी जागा एकही नसावी. आणि तो कागद दावेदाराच्या भाषेत वाचून दाखवल्यावरच सही किंवा अंगठा घ्यावा. एक प्रत तिच्याजवळ ठेवावी.

त्या बाईंचे अधिकारपत्र शेवटी मी असेच लिहिले, एका संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्याच्या नावाने. मी स्वतःसाठी परवानगी मागितली नाही. धीर झाला नाही, हे कबूल करतो. बाकीचे सर्व त्यांनी पाहिले. फक्त साक्षीच्या दिवशी तिला स्वतःला उभे राहावे लागले, आणि मालकाच्या वकिलाने नवऱ्याचा पगार किती, असे तीनदा विचारल्यावर तिन्ही वेळा तिने तोच आकडा सांगितला. तो तिला पाठ होता. घरखर्चाच्या वहीत दर महिन्याला तिनेच तो लिहिलेला होता.