श्रद्धेचे मोल कोणी द्यायचे?

आधुनिक समाजात धर्मश्रद्धेचे स्थान कोणते, या प्रश्नाला आपल्याकडे नेहमी दोन उत्तरे दिली जातात. धर्म ही घराच्या उंबरठ्याआतील बाब आहे, सार्वजनिक जीवनात तिने पाऊल टाकू नये, हे पहिले उत्तर. दुसरे याच्या नेमके उलट. ज्याची श्रद्धा त्याने ती उघडपणे मिरवावी, तिच्या बळावर संघटित व्हावे आणि कायदा, शिक्षण व राजकारण ही सारी तिच्याच साच्यात ओतावीत, असे ते सांगते. पहिल्या उत्तरात श्रद्धा निरुपद्रवी होते, पण त्याबरोबर निष्प्रभही होते. दुसऱ्यात ती बलवान होते, पण शेजाऱ्याला तिचे भय वाटू लागते. या दोहोंच्या मधून जाणारी एखादी वाट आहे काय, हा विचार आपल्या बहुधर्मी समाजाला टाळता येणार नाही.

ख्रिस्ती श्रद्धेच्या बाबतीत हा पेच अधिकच बिकट आहे. उपासना आणि शेजाऱ्याची सेवा यांची फारकत ख्रिस्ताच्या शिकवणीला मान्य नाही. भुकेल्याला अन्न देणे, आजाऱ्याची विचारपूस करणे, बंदिवानाला भेटणे यांतच श्रद्धेची परीक्षा होते, असे ती शिकवण मानते. तेव्हा ही श्रद्धा उंबरठ्याआड कोंडून ठेवायची म्हटले तर तिचा अर्धा प्राणच जातो. दुसरीकडे, महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाज संख्येने अत्यल्प आहे. २०११ च्या जनगणनेत तो १० लाख ८० हजारांच्या घरात, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमीच होता. शिवाय, परक्या राज्यकर्त्यांचा धर्म हा इतिहासाने मारलेला शिक्का अद्याप पुरता पुसला गेलेला नाही. अशा समाजातील श्रद्धावान माणसाने सार्वजनिक जीवनात कसे वागावे?

प्रस्तुत लेखकाच्या मते येथे एक कसोटी उपयोगी पडते. माणसाच्या श्रद्धेचे मोल कोण देतो? तो स्वतः, की त्याचा शेजारी? जी श्रद्धा आपल्या धारकावर कर्तव्याचा बोजा घालते, तिच्यापासून समाजाला भय नाही. जी श्रद्धा आपला बोजा दुसऱ्याच्या खांद्यावर टाकते, ती कोणत्याही धर्माची असो, तिच्याविषयी सावध राहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या इतिहासात या कसोटीला उतरलेली आणि तिचा अवघडपणाही दाखवून देणारी काही माणसे होऊन गेली. त्यांच्याकडे पाहिले म्हणजे ही चर्चा हवेतली राहत नाही.

रमाबाईंचा एकाकी मार्ग

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या आपल्या धर्मबांधवांच्या रोषाला पात्र झाल्या, हे सर्वश्रुत आहे. त्या मानाने कमी ठाऊक असलेली गोष्ट ही की, ज्या चर्चच्या आश्रयाने त्यांनी दीक्षा घेतली, त्या चर्चशीही त्यांचे लवकरच वाजले. आपल्या विवेकबुद्धीला पटल्याखेरीज कोणताही सिद्धान्त केवळ धर्माधिकारी सांगतात म्हणून स्वीकारणार नाही, असे त्यांनी इंग्लंडमधील आपल्या धर्मभगिनींना व हितचिंतकांना पत्रांतून स्पष्ट कळवले. एका परंपरेची सत्ता झुगारून आलेल्या या विदुषीला दुसरीची सत्ता निमूटपणे पत्करणे शक्य नव्हते.

पुढे १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी परवड चालली होती, तिच्याविषयी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात उघडपणे लिहिले. सरकारने ती तक्रार साफ नाकारली. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, तेव्हा मौन पाळावे, असा हिशेब त्यांनी केला नाही. धर्मबंधुत्व आणि सत्य यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी सत्याची बाजू घेतली आणि त्यापायी येणारी नाराजी स्वतः सोसली.

तथापि रमाबाईंच्या चरित्रात या कसोटीची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विधवांच्या शिक्षणासाठी १८८९ साली मुंबईत उघडलेले शारदासदन पुढल्याच वर्षी पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे आश्वासन होते. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, काही मुली तीत येऊन बसत. रमाबाईंच्या मते हे मुलींचे स्वातंत्र्य होते, टीकाकारांच्या मते तो आश्वासनाचा भंग होता. अखेर १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूतिदारांनीही संस्थेशी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. निराधार मुलगी आणि तिला आश्रय देणारी प्रभावी स्त्री यांच्या नात्यात स्वातंत्र्याची रेषा नेमकी कोठे आखायची, हा प्रश्न तेव्हा निकालात निघाला नाही आणि आजही निघालेला नाही. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्मप्रसाराचा अधिकार दिला आहे. मात्र त्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा अधिकार येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. कायद्याची ही मर्यादा बाहेरची झाली. उपकाराच्या ओझ्याखाली कोणाचा होकार मिळवू नये, ही आतली मर्यादा श्रद्धावानाने स्वतःच घालून घ्यायची असते.

टिळक आणि लक्ष्मीबाई

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर, जात, आप्त, सारे क्षणात दुरावले. पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाला राहूनही त्यांनी ख्रिस्तभक्ती मराठी वळणाने केली. ओवी, अभंग, कीर्तन ही या मातीची साधने त्यांनी उपासनेत आणली. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची पदे गायिली जातात. धर्म बदलला म्हणून देश बदलत नाही आणि भाषा तर मुळीच बदलत नाही, हे त्यांनी आयुष्यभर सिद्ध केले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्या दरबाराचे दार उघडे होते. उतारवयात खात्रीचे वेतन सोडणे ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु टिळकांच्या श्रद्धेचे मोल एकट्या टिळकांनी दिले काय? लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्याने वाचली आहेत, तो या प्रश्नाला होकार देणार नाही. पतीने न विचारता घेतलेल्या निर्णयामुळे या बाईंनी वर्षानुवर्षे विरह, अवहेलना आणि अनिश्चितता भोगली. आपला सिद्धान्त आपल्या घरच्यांना किती महागात पडतो, याचा विचार पुष्कळ थोर पुरुषांच्या मनाला शिवत नाही. लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे की, त्या पतीच्या मागोमाग फरफटत गेल्या नाहीत. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना हळूहळू त्यांच्या मनातून गळाल्या आणि काही वर्षांनी, स्वतःला पटल्यावर, त्यांनी तो धर्म स्वीकारला. या दांपत्यात खऱ्या अर्थाने विवेकस्वातंत्र्य कोणी वापरले, असे विचारले तर उत्तर देताना लक्ष्मीबाईंचे नाव प्रथम ओठांवर येते.

वसईची विहीर

आता अलीकडच्या काळाकडे वळू. वसईचा पश्चिम पट्टा हा मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचा. केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला ही त्यांची दौलत आणि गोड्या पाण्याच्या विहिरी हा तिचा आधार. १९८० च्या दशकात मुंबईची भूक या हिरव्या पट्ट्यापर्यंत पोचली. जमिनीचे भाव चढले, टँकरने पाणी उपसले जाऊ लागले, बिल्डर आणि गुंड यांची युती झाली. त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीचे नेतृत्व केले. धर्मगुरूने व्यासपीठावर प्रवचन करावे, जमीन आणि पाणी यांच्या भानगडीत पडू नये, असे सांगणारे तेव्हा कमी नव्हते. धमक्याही आल्या. दिब्रिटो मागे हटले नाहीत.

या चळवळीचे वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. तिची प्रेरणा दिब्रिटोंच्या श्रद्धेत होती, परंतु तिची मागणी साऱ्या गावाची होती. विहीर आटली म्हणजे ती ख्रिस्ती वाडीतली आणि हिंदू वाडीतली असा भेद करून आटत नाही. म्हणूनच या आंदोलनात सर्व धर्मांची माणसे सामील होऊ शकली. श्रद्धेने सार्वजनिक जीवनात कसे उतरावे, याचा हा नमुना आहे. बळ तिने आपल्या झऱ्यातून घ्यावे, पण बोलावे मात्र सर्वांच्या भाषेत आणि मागावे सर्वांसाठी.

ती चळवळ पुरती यशस्वी झाली असे म्हणता येणार नाही. २००९ साली तेथे वसई-विरार महानगरपालिका आली आणि इमारतींनी हिरवा पट्टा पुष्कळसा गिळला. पण जो काही उरला आहे, तो कोणीतरी वेळीच उभे राहिले म्हणून उरला आहे. याच दिब्रिटोंची जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत एवढ्याच कारणावरून काहींनी विरोध केला. प्रकृती साथ देत नसतानाही ते संमेलनाला गेले आणि वाढत्या असहिष्णुतेविरुद्ध बोलले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मराठी समाजाने आपला माणूस गेला म्हणून हळहळ व्यक्त केली. त्यांचे मराठीपण सिद्ध करण्याची गरज तोवर उरली नव्हती.

घरातली परीक्षा

बाहेरच्या अन्यायाविरुद्ध उभे राहणे अवघड असते, पण आपल्या घरातल्या अन्यायाविरुद्ध उभे राहणे त्याहून अवघड. भारतीय ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने या अन्यायाचे नाव जात हे आहे. ज्या धर्मात देवापुढे सर्व समान, त्या धर्मात येऊनही दलितांच्या कपाळीची जात पुसली गेली नाही. विवाह ठरवताना ती विचारली जाते, देशाच्या काही भागांत तर दफनभूमीतही तिच्या भिंती उभ्या राहिल्या. कॅथलिक धर्माध्यक्षांच्या राष्ट्रीय परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या धोरणात चर्चमधील हा भेदभाव मान्य केला, हे स्वागतार्ह आहे. पण कबुली म्हणजे सुटका नव्हे.

येथे शासनाचेही एक कोडे आहे. १९५० च्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. १९५६ साली त्यांत शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. त्यांना त्या सवलती द्याव्यात, अशी मागणी चर्च करीत आले आहे आणि २०२२ साली केंद्र सरकारने या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला. मागणी न्याय्य आहे. मात्र ती करताना सरकारला सांगायचे की आमच्यात जात आहे, आणि रविवारी प्रवचनात सांगायचे की आमच्यात जात नाही, हे फार काळ चालणार नाही. चर्चने आपल्या संस्थांतील पदे, प्रवेश आणि सत्तास्थाने दलितांसाठी खुली केली, तर त्याच्या मागणीला नैतिक वजन येईल. तेवढे मोल चर्चने स्वतः दिले पाहिजे.

संस्थांचीही गोष्ट तशीच आहे. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढले, ते गरिबाला वैद्यकीय मदत कोठेच मिळत नव्हती म्हणून. आज मिशनरी शाळेत मुलाला प्रवेश मिळावा म्हणून सुखवस्तू आईबाप रांगा लावतात. हा त्या शाळांचा गौरव आहे आणि त्यातच त्यांची परीक्षाही आहे. ज्या मुलाकरिता ही दारे प्रथम उघडली गेली, तो मुलगा आज त्या रांगेत दिसतो काय?

श्रद्धेने जगणे हे मोठ्या माणसांचेच काम आहे, असे मात्र कोणी समजू नये. लाच न घेणारा कारकून, मोबदला न घेता दोन तास अधिक थांबून अनोळखी रुग्णाच्या उशाशी बसणारी परिचारिका, भाव चढूनही वाडी न विकणारा शेतकरी, यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत. पण शेजाऱ्याला एखाद्या धर्माची जी खरी ओळख होते, ती अशाच माणसांमुळे होते.

आणि ही कसोटी केवळ अल्पसंख्याकांना लावायची नाही. ज्यांची संख्या मोठी आहे, त्यांच्या श्रद्धेचे मोल तर अनेकदा त्यांच्या नकळत दुसराच कोणी देत असतो. म्हणून बहुसंख्याकांनी हा प्रश्न स्वतःला अधिक वेळा विचारला पाहिजे. रमाबाई, लक्ष्मीबाई, दिब्रिटो यांच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो. आपल्या विश्वासाचा हिशेब या माणसांनी आपल्याच खात्यावर लिहिला, एवढे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करायला हरकत नाही. अशा हिशेबाची माणसे प्रत्येक धर्मात थोडी तरी असतील, तोवर या देशात वेगवेगळ्या देवांची प्रार्थना करणारी माणसे एकमेकांच्या शेजारी निर्धास्तपणे राहू शकतील.