स्टेरॉइडचं सलाईन आणि मंदावलेली नाडी

स्टेरॉइड म्हटलं की आईवडिलांच्या डोळ्यांसमोर येतो तो गोल सुजलेला चेहरा, वाढलेली भूक आणि चिडचिड. हृदयाच्या ठोक्यांचा विषय निघतो तो वॉर्डातला मॉनिटर वाजल्यावरच.

कोणत्या मुलांत?

नेफ्रोटिक सिंड्रोम गोळ्यांना दाद देत नसेल, ल्युपस मूत्रपिंडापर्यंत पोचला असेल किंवा डोळ्याच्या नसेला सूज असेल, तर मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शिरेतून देतात. डोस दणदणीत असतो: दर किलो वजनामागे ३० मिलिग्रॅमपर्यंत, दिवसाला जास्तीत जास्त १ ग्रॅम, बहुधा ३ ते ५ दिवस. गोळ्यांनी ठोके मंदावल्याच्या नोंदी आहेत, पण तुरळक.

होतं काय?

बहुतेक वेळा ठोक्यांची लय बिघडत नाही, वेग तेवढा उतरतो. दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर, रात्री, दहा वर्षांचं मूल गाढ झोपलेलं असताना आकडा ५० च्या आसपास येतो. नर्स मुलाला हलवून उठवते, रक्तदाब घेते, ईसीजी काढते. मूल डोळे चोळत पाणी मागतं आणि आकडा वर सरकतो. अशा मुलांना सहसा कसलाच त्रास जाणवत नाही आणि औषध थांबल्यावर काही दिवसांत वेग पूर्ववत होतो. वाढलेल्या रक्तदाबाला हृदयाने दिलेलं उत्तर, क्षारांची उलथापालथ अशी कारणं मांडली जातात. एकावर मात्र एकमत नाही.

घाई नको

खरा धोका सलाईनच्या वेगात आहे. अर्ध्या ग्रॅमहून मोठा डोस दहा मिनिटांच्या आत गेल्यावर लय बिघडल्याच्या, हृदय बंद पडल्याच्याही नोंदी आहेत. म्हणूनच ते तासभर किंवा त्याहून सावकाश सोडतात. ‘लवकर संपवा, घरी जायचंय’ असा आग्रह इथे धरू नये. अंगावरची सूज उतरवायला फ्रुसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर पोटॅशियम घटतं, स्टेरॉइडही ते घटवतं. ते फार उतरलं की ठोके अनियमित होऊ शकतात. त्यामुळे अशा मुलांची रक्ततपासणी पुन्हापुन्हा होते.

लगेच कधी सांगायचं?

चक्कर, घेरी, छातीत दुखणं, धाप, किंवा मूल निस्तेज पडून राहणं. मात्र स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. बरेच दिवस त्या घेतल्यावर शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असते.

दम्याच्या मुलांचं काय?

त्यांची छाती धडधडते तेव्हा बोट स्टेरॉइडकडे जातं. बहुतेकदा ती करामत नेब्युलायझरमधल्या साल्ब्युटामॉलची असते. त्याने ठोके वाढतात आणि पोटॅशियमही उतरतं.