तोटी, झाकण आणि सुरूचा जाळ

मराठी घरात चहा पातेल्यात उकळतो आणि गाळण्यातून थेट कपात उतरतो. चहादाणी निघाली तर पाहुण्यांपुरती, नाहीतर ती शोकेसमध्येच. त्यामुळे कुंभाराच्या हाताची सगळ्यात कडक परीक्षा हेच भांडं घेतं, हे आपल्या फारसं ध्यानात येत नाही.

वाडगा चाकावर एका बैठकीत उतरतो. चहादाणीचं पोट, तोटी आणि झाकण मात्र वेगवेगळं काढावं लागतं. माती कडक होऊ लागली आहे, पण ओल पुरती गेलेली नाही, अशी वेळ साधून हे भाग जोडायचे. एखादा भाग जास्त सुकला की सांधा तडकलाच. तोटी बसवण्याआधी पोटाला चाळणीसारखी भोकं पाडतात. ती कमी पडली तर धार तुंबते. तोटीचं टोक भांड्याच्या काठापेक्षा खाली राहिलं, तर चहादाणी भरण्याआधीच चहा टेबलावर. झाकणाला बारीक छिद्र नसेल तर आत हवा शिरत नाही आणि धार गचके खात पडते. चाकावर काढलेल्या तोटीच्या मातीत चाकाचा पीळ मुरलेला असतो, त्यामुळे भट्टीत ती थोडी वळते. मुरलेला कारागीर तिचं टोक आधीच जरा तिरपं कापतो. भाजून निघाल्यावर ते सरळ दिसतं.

शिवाय तो शेवटचा थेंब. ओतणं थांबवलं की चहा तोटीच्या खालून ओघळत टेबलक्लॉथवर जातो. 1956 मध्ये मार्कस रायनर या शास्त्रज्ञाने या खोडीला ‘टीपॉट इफेक्ट’ असं नाव दिलं. धार मंद असली आणि काठ गोलसर असला की द्रव काठाला धरूनच वळतो. कुंभारांकडे यावर जुना उपाय आहे: तोटीचा ओठ पातळ आणि धारदार ठेवायचा.

इतकं सगळं जमवून आणलेलं भांडं मग लाकडाच्या भट्टीत द्यायचं, म्हणजे धाडसच. हे धाडस भारतात पक्कं रुजवणाऱ्यांमध्ये डेबोरा स्मिथ आणि रे मीकर या दोन अमेरिकनांचं नाव आधी घ्यावं लागतं. 1971 साली त्यांनी पाँडिचेरीत ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली. डेबोरा त्याआधी जपानमध्ये बिझेन इथे यामामोतो तोशू यांच्या हाताखाली शिकल्या होत्या. चाकावरच्या कौशल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या तोशूंना पुढे 1987 मध्ये जपान सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. भातशेतीखालची लोहयुक्त माती, तिच्यावर झिलई नाही आणि लाल पाइनच्या लाकडावर दहा-बारा दिवस चालणारी भट्टी, ही बिझेनची रीत. भांड्यावर जो काही रंग चढेल तो आग, राख आणि भाताच्या पेंढ्याचा.

पाँडिचेरीत तसंच्या तसं करणं शक्य नव्हतं आणि करण्याची गरजही नव्हती. इथे झिलई दिलेली स्टोनवेअर भांडी घडू लागली. जळण होतं सुरूचं. कोकणच्या किनाऱ्यावर सावलीला लावलेला सुरू आपण पाहतो. कोरोमंडलच्या वाळूत त्याची सरपणासाठी लागवड होते. रे मीकर यांनी तर पुढे मातीचं अख्खं घर बांधून ते जागेवरच भाजण्याचे प्रयोग केले, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आपल्याकडच्या कुंभाराचा आवा साधारण 700 ते 900 अंशांपर्यंत तापतो. त्यात भाजलेली माती सच्छिद्र राहते, म्हणून तर माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. स्टोनवेअरला सुमारे 1250 ते 1300 अंश लागतात. त्या उष्णतेत मातीचे कण एकजीव होतात आणि पाणी झिरपत नाही. लाकडाची राखही ज्वाळांबरोबर उडून भांड्यांवर बसते. तिच्यातलं कॅल्शियम आणि पोटॅशियम मातीतल्या सिलिकाला वितळवतं आणि त्याची काच होते. त्यामुळे जाळाकडची बाजू ओलसर चमकते, पाठीमागची कोरडी राहते. एकाच घाण्यातल्या दोन चहादाण्या सारख्या निघत नाहीत. जळण कुठे आणि कसं टाकायचं, हवा किती सोडायची, भांडं कुठे मांडायचं, हे कारागिराच्या हातात. पुढचं बरंचसं भट्टीच्या मर्जीवर.

चहादाणीला ही मर्जी महागात पडते. झाकण आपल्या जागी ठेवूनच भाजावं लागतं, नाहीतर दोघं वेगवेगळी वाकतात आणि मग एकमेकांत बसत नाहीत. म्हणून सांध्यावर झिलई ठेवत नाहीत, न वितळणाऱ्या ॲल्युमिनाचा हात देतात. तरीही वितळलेली राख तिथे ओघळली तर झाकण कायमचं चिकटतं. आतल्या चाळणीची भोकंही झिलईने बुजतात, म्हणून झिलईत बुडवून काढल्याबरोबर तोटीतून फुंकर मारून ती मोकळी करतात. कामाची बारीक नजर अशा ठिकाणी दिसते.

लाकडाच्या भट्टीचं नाव निघालं की गिऱ्हाईक भारावतं आणि राखेच्या ओघळांवर पैसे मोजतं. पण राख तोटीची चूक दुरुस्त करत नाही. तेव्हा विकत घेताना दुकानदाराकडे पाणी मागावं. चहादाणी काठोकाठ भरावी, झाकण बोटाने धरून ओतावी आणि मध्येच झटकन थांबावं. ओतताना झाकणाच्या छिद्रावर बोट ठेवल्यावर धार थांबली, तर झाकण नीट बसलं आहे, असं समजावं. मग तोटीखाली बोट फिरवून ते किती ओलं होतं ते पाहावं. राखेचा रंग त्यानंतर निवांत न्याहाळता येतो.