नॉईज काढायचा कुठे? प्लग-इन आणि स्वतंत्र सॉफ्टवेअरबद्दलचे गैरसमज

पौष अमावास्येच्या रात्री आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्लीजवळच्या केसलापुरात नागोबाची महापूजा होते. मेश्राम कुळातल्या गोंडांनी पायी चालत आणलेलं गोदावरीचं पाणी, पांढरी धोतरं, पागोटी आणि भोवती थोडाच उजेड. असा प्रसंग फ्लॅश न वापरता टिपायचा तर आयएसओ ६४०० च्या आसपास न्यावाच लागतो, आणि घरी येऊन फाईल उघडली की सावल्यांमध्ये रंगीत दाणे दिसतात. मग हमखास प्रश्न येतो: नॉईज काढायला फोटोशॉप किंवा लाइटरूममध्ये बसणारं प्लग-इन घ्यावं, की स्वतंत्र सॉफ्टवेअर? बहुतेक सल्ले यातलं एक चांगलं आणि दुसरं कमअस्सल ठरवून मोकळे होतात. पण निकालाचा दर्जा प्रामुख्याने ठरतो तो सॉफ्टवेअरच्या हाती कोणती फाईल पडते आणि कामाच्या कोणत्या टप्प्यावर पडते, यावर.

हे समजण्यासाठी आधी मुळातला गैरसमज दूर करायला हवा. वाढवलेला आयएसओ नॉईज निर्माण करतो असं सर्रास मानलं जातं. वस्तुस्थिती अशी की नॉईजचं मोठं कारण अपुरा प्रकाश हे आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि त्याच्या येण्यातला चढउतार त्या कणांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. सेन्सरच्या एका ठिपक्यावर १०,००० कण पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च कण पडले तर १० चा, म्हणजे १० टक्के. म्हणून कमी आयएसओवर काळपट फोटो काढून नंतर उजळवला तरी सुटका होत नाही. अनेक कॅमेऱ्यांत नॉईज उलट वाढतो. यातून पुढची गोष्ट निघते. नॉईज काढणं म्हणजे खरा तपशील कोणता आणि चढउतार कोणता, याचा अंदाज बांधणं. रॉ फाईलमध्ये सेन्सरची मूळ मोजणी शाबूत असते. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने आधीच थोडा नॉईज पुसलेला, धार वाढवलेली आणि फाईल दाबलेली असते, त्यामुळे अंदाज बांधायला आधार कमी उरतो.

आता मुख्य गैरसमज: स्वतंत्र सॉफ्टवेअर दमदार आणि प्लग-इन म्हणजे त्याची काटछाट केलेली आवृत्ती. नीट इमेज, टोपाझ किंवा ऑन१ नोनॉईज ही उत्पादनं दोन्ही रूपांत चालतात आणि दोन्हीकडे नॉईज काढणारं गणित तेच असतं. तरीही निकाल वेगळा दिसतो, कारण वाट वेगळी असते. लाइटरूममधून फोटो बाहेरच्या संपादकाकडे पाठवला की सहसा रॉ जात नाही. तिच्यापासून तयार केलेली टिफ जाते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची १६-बिट टिफ म्हणजे २४० लाख ठिपके, प्रत्येकी ३ रंग, प्रत्येक रंगाला २ बाइट: सुमारे १४४ मेगाबाइट. नागोबाच्या जत्रेतले ३०० फोटो असे पाठवले तर ४३ गिगाबाइट जागा खर्च होते, आणि सॉफ्टवेअरला मूळ मोजणी तरीही मिळत नाही. डीएक्सओने २०२१ मध्ये आणलेलं प्युअररॉ रॉपासूनच सुरुवात करतं, म्हणून त्याचा निकाल स्वच्छ येतो. त्याला लाइटरूममधून बोलावलं तरी ते मूळ रॉच उचलतं. अडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्येच दिलेली डीनॉईजची सोयही आरंभी फक्त रॉ फाईलींसाठी होती.

यावर रास्त आक्षेप येईल: मग प्लग-इनची गरजच काय? गरज आहे, आणि ती नियंत्रणासाठी आहे. गोंडांच्या दंडारी उत्सवातल्या गुस्साडी नर्तकाचा रात्रीचा फोटो घ्या. डोक्यावरच्या मोरपिसांच्या मुकुटात बारीक तंतू आहेत, अंगावर राखेचे ठिपके आहेत, मागे नुसता अंधार आहे. अंधारातला नॉईज जोरात पुसला तरी काही बिघडत नाही. तोच जोर मुकुटावर लावला तर पिसांचा लगदा होतो. फोटोशॉपमध्ये प्लग-इन स्मार्ट फिल्टर म्हणून लावलं की मास्कने पार्श्वभूमीला पूर्ण, चेहऱ्याला निम्मा आणि मुकुटाला नाममात्र परिणाम देता येतो, आणि महिनाभराने तो बदलताही येतो. उलट शेकडो फोटो एकगठ्ठा हाताळायचे असतील, किंवा फोटोशॉप घ्यायचंच नसेल, तर स्वतंत्र सॉफ्टवेअर सोयीचं. ते यजमान सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर अवलंबून नसतं, हाही फायदाच. ३२-बिटची जुनी प्लग-इन ६४-बिट फोटोशॉपमध्ये चालेनाशी झाली, हे अनेकांनी पाहिलं आहे.

दुसरा आक्षेप असा की आता कृत्रिम बुद्धिमत्ता सगळंच निस्तरते, तेव्हा टप्प्याचा विचार कशाला? पण हरवलेला तपशील ती परत आणत नाही. शिकलेल्या नमुन्यांवरून शक्य वाटेल असा तपशील भरते. लग्नाच्या अल्बममध्ये ते खपून जाईल. दस्तऐवजात खपणार नाही. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांची काढलेली छायाचित्रं आज अभ्यासकांना मोलाची वाटतात, कारण त्यांतले दागिने, वस्त्रं आणि वाद्यं त्या दिवशी तशीच होती. आज टिपलेल्या गोंदणाची रेघ सॉफ्टवेअरने सरळ केली किंवा नवी काढली, तर पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला ते कळणार नाही. म्हणून थोडा नॉईज राहू देणं हा हलगर्जीपणा नव्हे. आणि मूळ रॉ कधीही पुसू नये.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. फाईल रॉ आहे का? असेल तर नॉईज सुरुवातीलाच, रॉवरच काढा. फोटो किती आहेत? शेकडो असतील तर एकगठ्ठा काम करणारं साधन पाहा. फोटोच्या वेगवेगळ्या भागांना वेगळी वागणूक हवी आहे का? हवी असेल तर प्लग-इन आणि मास्क. अनेक उत्पादनांत एकाच परवान्यात दोन्ही रूपं मिळतात, त्यामुळे दोनदा पैसे मोजू नका. खर्च नकोच असेल तर डार्कटेबल हे स्वतंत्र सॉफ्टवेअर मोफत आहे आणि कॅमेऱ्यानुसार मोजलेल्या नॉईजच्या नोंदी वापरतं. गिंप या फोटो-संपादकासाठी जी'मिक हे प्लग-इनही मोफत आहे. आपल्याच रात्रीच्या एका अवघड फोटोतला नॉईज दोन्ही वाटांनी काढून पाहा आणि फोटो शंभर टक्के झूमवर पाहून केस, पिसं आणि कापडाची वीण तपासा. जिथे वीण टिकली, ती वाट तुमची.