सांताची टोपी आणि चाच्यांचं गाणं: ब्रिटनमधले हौशी गायक ख्रिसमसला दीडशे वर्षं जुनी विनोदी गाणी का गातात?

डिसेंबरची थंडी. इंग्लंडमधल्या एखाद्या छोट्या गावातला चर्चचा हॉल. कोपऱ्यात पियानो, मागच्या टेबलावर गरम वाईन आणि मनुका-मसाल्याचं सारण भरलेले मिन्स पाय. समोर तीस-चाळीस जण उभे. त्यात कुणी शाळेत शिकवतं, कुणी बँकेत काम करतं, कुणाला रिटायर होऊन दहा वर्षं झालीत. डोक्यावर सांताची लाल टोपी आणि तोंडी मात्र समुद्री चाच्यांचं गाणं.

आता चाच्यांचा आणि ख्रिसमसचा काय संबंध? वरवर पाहिलं तर काहीच नाही. पण ब्रिटनमधल्या कितीतरी हौशी मंडळांचं वर्षाचं गणित याच एका संध्याकाळीवर अवलंबून असतं.

ऑपरेटिक सोसायटी म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर हौशी संगीत नाटक मंडळ. सभासद वर्गणी भरतात, आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी तालीम करतात आणि वर्षातून एक-दोन प्रयोग लावतात. गाणाऱ्यांना मानधन मिळत नाही. ब्रिटनच्या गावागावांत अशी मंडळं आहेत आणि त्यांची राष्ट्रीय संघटना १८९९ पासून काम करतेय.

नावात 'ऑपरेटिक' असलं तरी यातली अनेक मंडळं आज ब्रॉडवेची म्युझिकल्स करतात. मग हे नाव आलं कुठून? त्यासाठी दोन माणसांची ओळख करून घ्यावी लागेल.

गिल्बर्ट आणि सलिव्हन

डब्ल्यू. एस. गिल्बर्ट शब्द लिहायचा, आर्थर सलिव्हन संगीत द्यायचा. दोघांनी मिळून १४ विनोदी ऑपेरा केले. इटालियन ऑपेरासारखं यात सगळंच गाऊन सांगत नाहीत. मध्ये साधे संवाद असतात, भाषा इंग्रजी असते आणि टिंगल असते ती थेट सत्तेची.

'एच.एम.एस. पिनाफोर' (१८७८) मध्ये नौदलाचा मंत्री असा आहे, जो कधी समुद्रावर गेलेलाच नाही. त्या वेळी खरोखरच वर्तमानपत्रांचे स्टॉल चालवणारा एक उद्योजक ब्रिटनचा नौदलमंत्री होता. प्रेक्षकांना निशाणा लगेच कळला. पहिल्याच फेरीत नाटकाचे ५७१ प्रयोग झाले.

'पायरेट्स ऑफ पेन्झान्स'ची गंमत आणखी वेगळी. नायक २१ व्या वाढदिवसापर्यंत चाच्यांशी कराराने बांधलेला असतो. पण त्याचा जन्म २९ फेब्रुवारीचा! वाढदिवस चार वर्षांतून एकदा, म्हणजे सुटका थेट म्हातारपणी. 'पिनाफोर'चे अमेरिकेत बिनापरवाना इतके प्रयोग झाले होते, की हा पुढचा ऑपेरा दोघांनी स्वतःच न्यूयॉर्कला नेला आणि ३१ डिसेंबर १८७९ ला तिथे उघडला. नाटकातही चाचे, धंद्यातही चाचे.

ख्रिसमसचं नातं जुनंच

या जोडीचं पहिलं नाटक 'थेस्पिस' लंडनच्या गेइटी थिएटरमध्ये आलं तेच ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १८७१ ला. त्याचं बहुतेक संगीत आज हरवलंय. ब्रिटनमध्ये आजही गायल्या जाणाऱ्या एका लोकप्रिय कॅरलची चाल १८७४ मध्ये सलिव्हननेच जुन्या सुरावटीवरून बेतली होती.

आणि १८८२ च्या 'आयोलँथी'मध्ये मुख्य पऱ्यांच्या डोक्यावर बॅटरीवर चालणारे छोटे विजेचे दिवे चमकले. ख्रिसमस ट्रीवरच्या माळांना इंग्रजीत 'फेअरी लाइट्स' म्हणतात, त्या नावाचं श्रेय अनेकदा याच प्रयोगाला दिलं जातं.

हौशी मंडळींना हेच का परवडतं?

पहिलं कारण कोरसचं. चाचे, पोलीस, खलाशी, पऱ्या, लॉर्ड्स अशी इथे प्रत्येक नाटकात मोठी टोळी लागते. म्हणजे आवाज बेताचा असला तरी स्टेजवर जागा मिळते.

दुसरं कारण भरभर म्हणायच्या गाण्यांचं. त्यात आवाजापेक्षा शब्दांची फेक आणि दम महत्त्वाचा. साठीतला विनोदी नटही इथे टाळ्या घेतो. 'मिकाडो'मधल्या एका यादीच्या गाण्यात तर जुनी नावं काढून ताज्या बातम्यांमधली गिऱ्हाइकं घालायची प्रथाच आहे.

तिसरं कारण पैशाचं. कोणतंही चालू म्युझिकल करायचं तर हक्कांचे पैसे मोजावे लागतात. गिल्बर्ट १९११ मध्ये गेला आणि १९६१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये त्याच्या शब्दांचा कॉपीराइट संपला. त्याआधी हक्क डॉयली कार्ट कंपनीकडे होते आणि हौशी मंडळांनाही तिची परवानगी घ्यावी लागायची. नंतर रान मोकळं झालं.

तरीही पूर्ण नाटक म्हणजे थिएटरचं भाडं, वाद्यवृंद, नेपथ्य, भाड्याचे कपडे असा सगळा खर्च. ख्रिसमसच्या मैफलीला मात्र हॉल, पियानो आणि टोप्या पुरतात. आपल्याकडे अख्खं संगीत नाटक न लावता नाट्यगीतांचा कार्यक्रम करतात, तसंच. आधी चाच्यांची गाणी, मध्यंतरात लकी ड्रॉ, शेवटी प्रेक्षकांसह कॅरल्स. हाती उरलेल्या पैशांतून पुढच्या नाटकाची तयारी सुरू होते.

मग अडचण कुठे आहे?

डॉयली कार्टची मूळ कंपनी २७ फेब्रुवारी १९८२ च्या प्रयोगानंतर बंद पडली. शंभरहून जास्त वर्षं हे ऑपेरा सांभाळणारी संस्थाच गेली. त्यानंतर गावोगावी ही गाणी ऐकू येत राहिली, त्यात हौशी मंडळांचा वाटा मोठा आहे.

पण २०२० च्या ख्रिसमसला कोरोनामुळे हॉल गप्प होते. मे २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये निर्बंध सैल झाले, तेव्हाही बंद जागेत एका वेळी फक्त सहा हौशी गायकांना गायची परवानगी होती. व्यावसायिक गायकांना ही मर्यादा नव्हती. नोकरी म्हणून गाणं चालेल, हौस म्हणून नाही, असाच त्याचा अर्थ अनेकांनी घेतला. हा नियम जुलैमध्ये उठला.

जुन्या मजकुराचाही प्रश्न आहे. 'मिकाडो'त जपानच्या आडून ब्रिटिश अधिकाऱ्यांची खिल्ली आहे, पण गोऱ्या नटांनी जपानी मेकअप करणं आज अनेकांना खटकतं. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कंपनीने ख्रिसमसच्या आठवड्यात ठरलेला 'मिकाडो' टीकेनंतर रद्द केला. त्याच्या जागी लावला 'पायरेट्स'. मैफलीत ही अडचण कमी होते, कारण गाणी निवडून घेता येतात आणि वेशभूषेची गरजच पडत नाही.

तरुण सभासद मिळवणं हे त्यापुढचं काम. त्यालाही हीच संध्याकाळ उपयोगी पडते. कॅरल्स ऐकायला आलेला एखादा शेजारी चाच्यांच्या गाण्यावर हसतो, मिन्स पाय खाताना तालीम कोणत्या वारी असते ते विचारतो आणि जानेवारीत कोरसमध्ये एक आवाज वाढतो.